चला की तुम्हीही

अण्णांना जिन्यात कुणी विचारलं, “कुठं निघालात?” की अण्णा ठिकाण सांगतात आणि त्याच दमात म्हणतात, “चला की तुम्हीही!” केस कापायला निघालेले असले तरी म्हणतात. एकदा सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला निघाले होते, तेव्हाही तळमजल्यावरच्या विमावाल्यांना त्यांनी तितक्याच अगत्यानं बोलावलं होतं. यात अण्णांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. ही रीतच आहे. एकानं म्हणायचं ‘चला’, दुसऱ्यानं म्हणायचं ‘छे छे, तुम्ही या जाऊन’, दोघांनी थोडं हसायचं आणि आपापल्या वाटेला लागायचं. बोलावणाऱ्याची शोभा राहते, न येणाऱ्याचा मान राहतो आणि कुणाला कुठं जावंही लागत नाही. मध्यमवर्गाचा निम्मा संसार असल्या आमंत्रणांवर चाललेला आहे. फक्त समोरच्याला ही रीत ठाऊक असावी लागते.

सोसायटीच्या सेक्रेटरींना ती ठाऊक नव्हती.

पण आधी माईंच्या गुडघ्यांचं सांगायला हवं. माई म्हणजे अण्णांची बायको. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, चुकचुकले आणि ऑपरेशनची तारीख देऊन मोकळे झाले. त्यानंतर मांडी घालून बसायचं नाही, अरुंद उंच पायऱ्या चढायच्या नाहीत, जमिनीवर बसायचं तर नावसुद्धा काढायचं नाही. माईंनी सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “अहो, त्याआधी मला एकदा ती देवळं बघायचीत.”

कुठली देवळं, हे अण्णांना विचारावं लागलं नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक चित्र चिकटवलेलं होतं. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं. नजर पोचेल तिथवर पसरलेलं मोकळं मैदान, पहाटेचं धुकं आणि त्या धुक्यातून वर आलेले बुद्धाच्या देवळांचे विटांचे कळस, एकामागं एक, मोजता न येण्याइतके. राजे गेले, माणसं गेली, देवळं तेवढी राहिली, असं ते जुनं शहर. चहाची पूड काढताना माई रोज ते बघत. चित्राला तेलाचे डाग पडले, एक कोपरा झुरळांनी खाल्ला, पण माईंनी ते काढलं नाही. एका देवळाच्या गच्चीवर चढायचं, तिथं जमिनीवर बसायचं आणि सूर्य उगवताना ती सगळी देवळं एकदम बघायची, एवढीच त्यांची इच्छा. म्हणजे जे काय करायचं ते गुडघे बदलायच्या आत.

“जाऊ की!” अण्णा म्हणाले.

“दोघंच,” माई म्हणाल्या. “आजवर आपण कुठ्ठं म्हणून दोघंच गेलो नाही. लग्न झाल्यावर गेलो तेव्हासुद्धा तुमच्या आत्याबाई होत्या बरोबर.”

“त्यांना मी नुसतं म्हटलं होतं गं.”

“त्या मात्र नुसत्या नव्हत्या आल्या. सतरंजी घेऊन आल्या होत्या. म्हणून सांगतेय. दोघंच.”

अण्णांनी कबूल केलं. अगदी गळ्याला हात लावून कबूल केलं. माणूस वाईट नाही हो. पार्सल ऑफिसात जन्म गेला, एक पुडकं कधी इकडचं तिकडं झालं नाही. बायकोचा शब्द मोडावा असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते प्रवासाच्या चौकशीला निघाले, तर जिन्यात सेक्रेटरी गोंदाची बाटली घेऊन भिंतीला नोटीस चिकटवत उभे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल काहीतरी होती. सेक्रेटरी म्हणाले, “कुठं निघालात, अण्णा?”

आता, ‘इथंच जरा’ म्हणून सुटता आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा सांगण्याजोगं ठिकाण मिळालं होतं, ते गिळून टाकणं कुणाला जमेल? अण्णांनी सगळं सांगितलं. देवळं, मैदान, धुकं, कळस.

“वा! वा वा!” सेक्रेटरी म्हणाले. “म्हणजे अगदी बुद्धाच्या गावाला!”

“हो ना. चला की तुम्हीही!”

झालं. बोलून अण्णांनी पुढची पायरी उतरायला पाय उचलला. ‘छे छे’ आलं नाही. मागं वळून बघतात तर सेक्रेटरींनी गोंदाची बाटली खाली ठेवलेली.

“खरंच येऊ?”

इथं अण्णांनी मनाचा हिय्या करून ‘नको’ म्हणायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही म्हणून बघा एकदा. ‘खरंच येऊ?’ याला आपल्याकडं एकच उत्तर आहे, आणि ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं. अण्णा म्हणाले, “अहो, खरंच म्हणजे काय? अगदी मनापासून म्हणतोय!”

“तारीख सांगा,” सेक्रेटरी म्हणाले.

घरी माई भाजी निवडत होत्या. अण्णांनी चपला काढल्या, पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. मग सांगितलं. माईंचा हात थांबला नाही.

“मी नुसतं म्हटलं होतं,” अण्णा म्हणाले.

“आणि त्यांची बायको?”

“तीही येणार म्हणे.”

माईंनी निवडलेली भाजी आणि देठं एकाच पातेल्यात टाकली आणि आत निघून गेल्या. अण्णांनी बसून देठं वेगळी केली.

बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी आक्कांचा फोन. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिच्या छातीत कळ येते अशी घरात समजूत आहे, त्यामुळं तिच्याशी कुणी वरच्या पट्टीत बोलत नाही. फोन उचलताच आक्का म्हणाल्या, “सोसायटीचा सेक्रेटरी नेतोयस म्हणे. आणि सख्ख्या बहिणीला बाहेरून कळतंय.”

“अगं, तुला विचारणारच होतो मी.”

“मग विचार.”

अण्णांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात छातीतली कळ तयारीनं उभी होती.

“चल की तूही,” अण्णा म्हणाले.

“आता एवढा आग्रहच करतोस तर नाही कशी म्हणू?”

राहता राहिल्या विहीणबाई, लेकीच्या सासूबाई. लेक फोनवर कुजबुजली, “बाबा, सासूबाईंना लागलंय मनाला. जेवल्या नाहीत नीट.” विहीणबाई नीट जेवल्या नाहीत म्हणजे लेकीला महिनाभर नीट जेवण जाणार नाही. अण्णांनी ताबडतोब फोन करून समजूत घातली, की तुम्हाला विचारणारच होतो, पण म्हटलं एवढी दगदग तुम्हाला झेपायची नाही. विहीणबाई एकदम करारी आवाजात म्हणाल्या, “का? मला काय धाड भरलीय?” आता विहीणबाईंना धाड भरलेली नाही हे सिद्ध करायचं तर त्यांना नेण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

असे दोघांचे सहा झाले. स्वयंपाकघरातलं ते कपाट आता थोडं जोरात बंद व्हायला लागलं.

मग सल्ले सुरू झाले. ज्यांनी आयुष्यात स्टेशनपलीकडं पाऊल टाकलेलं नाही, त्यांच्याकडं प्रवासाचे सल्ले सगळ्यात जास्त असतात. विमावाले म्हणाले, तिकडं पाणी पिऊ नका. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या, पाणी भरपूर प्या, तिकडं धूळ फार. इस्त्रीवाला म्हणाला, पांढरं नेऊ नका. कुणी म्हणालं मेणबत्त्या न्या, कुणी म्हणालं दोरी न्या. दोरी कशाला ते त्यालाही सांगता आलं नाही, पण अण्णांनी दोरी घेतली. विमावाल्यांनी जाताजाता आणखी विचारलं, “पण त्यात बघायचं काय? विटाच ना? एक बघितलं की सगळी बघितली.” अण्णा एरवी कुणाला उलटून बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांना या माणसाला खरंखुरं बरोबर न्यावं आणि तिथंच सोडून यावं असं मनापासून वाटलं.

सेक्रेटरींनी तोवर आपल्या घरी प्रवाशांची सभा बोलावली होती. त्यांना सभेशिवाय काही सुचत नाही. सभेत ते स्वतः अध्यक्ष झाले आणि अण्णांना ‘व्यवस्था’ दिली. व्यवस्था म्हणजे सगळी कामं. त्यातलं मुख्य काम म्हणजे गच्चीवर चढायचा परवाना. देवळं जुनी, माणसं अवजड, त्यामुळं चढायला आता एकच देऊळ उघडं ठेवलेलं होतं, आणि तिथं चढायचं तर जुन्या वास्तूंच्या खात्याचा परवाना हवा. साठीपुढच्या माणसाला शिवाय डॉक्टरांचा दाखला, ‘चढण्यास योग्य’ असा.

हाडांचे डॉक्टर अण्णांकडं बघतच राहिले. “दोन्ही गुडघे बदला असं मीच लिहून दिलंय. आणि आता मीच लिहू की खुशाल चढा?”

“एकदाच हो, डॉक्टर. एकदाच चढायचंय तिला.”

डॉक्टरांनी बराच वेळ पेन हातात फिरवलं आणि लिहिलं, ‘सावकाश चढल्यास हरकत नाही.’

खात्याच्या शहरातल्या कार्यालयात एक लांब खोली, तीन पंखे, त्यातला एक फिरणारा आणि त्याच्या बरोबर खाली खिडकीतला बाबू. त्यानं दाखला वाचला. “सावकाश म्हणजे किती वेळात?”

“म्हणजे, जसं जमेल तसं.”

“तसं लिहिलेलं नाही. उद्या या बाई दिवसभर चढत बसल्या तर बाकीच्यांनी काय करायचं?”

अण्णा दुसरा दाखला घेऊन आले. तर बाबू म्हणाला, “शिक्का गोल हवा. हा लांबट आहे.” अण्णांना राग येईना, हे त्यांचं दुःख. पार्सल ऑफिसात त्यांनीच अशी किती माणसं लाखेचा शिक्का नीट बसला नाही म्हणून परत धाडली होती, आणि तीही याच आवाजात. समोरची खिडकी म्हणजे आरसाच होता, आणि आरशावर ओरडून काय मिळणार?

आक्कांच्या दाखल्यानं तर घरात रणकंदन झालं. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी तपासून प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘प्रकृती उत्तम. हृदय निरोगी.’ आक्कांनी तो कागद दोन बोटांत धरून अण्णांसमोर नाचवला. “निरोगी? हे वाचून उद्या सून मला पाण्याचा घोट तरी देईल का?” शेवटी ‘चढण्यास योग्य, परंतु नाजूक’ असं लिहून घ्यावं लागलं, आणि बाबूनं ‘परंतु’वर पेन्सिलीनं गोल केला. अण्णांनी त्या कार्यालयाच्या इतक्या खेपा केल्या, की शिपाई त्यांना बघितल्यावर पंख्याखालची खुर्ची सरकवायला लागला. माईंचा दाखला, माईंचा फोटो, माईंची सही घ्यायला अण्णा घरी आले की माई सही करत आणि विचारत, “सहाजणांचाच परवाना ना?” अण्णा म्हणत, “हो.” माई म्हणत, “असू दे.” हे ‘असू दे’ अण्णांना फार टोचे.

देवळांच्या गावी पोचल्यावर पहिला घोटाळा लॉजमध्ये. दोघंच जायचं ठरलेलं असताना अण्णांनी मोठ्या हौसेनं एक खोली राखून ठेवली होती. तिच्या खिडकीतून लांबचे कळस दिसतात, असं लॉजवाल्यानं शपथेवर सांगितलं होतं. विहीणबाईंनी दारातूनच त्या खिडकीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “छान हवेशीर आहे हो खोली.” अण्णा म्हणाले, “तुम्हीच घ्या की!” तोंडच ते. विहीणबाईंनी बॅग आत ठेवलीसुद्धा. मग अध्यक्षांनी ठराव केला, की बायका सगळ्या या खोलीत आणि पुरुष पलीकडच्या. माईंच्या वाट्याला न्हाणीच्या दाराजवळची खाट आली, कारण खिडकीखालची आक्कांच्या हृदयाला लागत होती. अण्णांच्या वाट्याला सेक्रेटरी आले.

त्या दिवशी दुपारी सगळे एका मोटारीत कोंबून देवळं बघायला निघाले. आणि काय सांगावं, ती खरोखरच चित्रातल्यासारखी होती. तांबूस विटांची लहानमोठी देवळं, मधून धुळीचे रस्ते, कुठं नुसताच चौथरा, कुठं कळसावर उगवलेलं झाड. आत शिरलं की गार काळोख, आणि डोळे सरावले की समोर बुद्धाची भली मोठी मूर्ती, खाली बघणारी, शांत. असं काही बघितलं की माणसानं निदान घटकाभर गप्प बसावं. पण सेक्रेटरींना तिथंही ओल दिसली. “हे बघा, हे बघा, वरून पाणी झिरपतंय! इतकी वर्षं कुणी लक्षच दिलेलं नाही. गच्चीचं काम वेळच्या वेळी केलं नाही की हेच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांना मी हेच सांगतो!” त्यांच्या बायकोनं प्रत्येक मूर्तीपुढं उभं राहून नवऱ्याला फोटो काढायला लावला. विहीणबाई म्हणाल्या, आमच्या चुलतभावानं यापेक्षा मोठी बघितलीत. आक्कांना प्रत्येक देवळात बसायला जागा लागत होती, आणि अण्णा मोटारीतली घडीची खुर्ची घेऊन तिच्यामागं पळत होते.

माई त्या दिवशी एकही पायरी चढल्या नाहीत. “उद्यासाठी राखून ठेवतेय,” गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या. एका लहानशा पडक्या देवळाच्या दाराशी त्या थांबल्या होत्या. आत एक छोटी मूर्ती होती, भिंतीवरचा रंग पार उडालेला आणि दुसरं कुणी नव्हतं. माईंनी अण्णांना हळूच हाक मारली, “अहो, इकडं या ना जरा.” कित्येक वर्षांत त्यांनी अशी हाक मारली नव्हती. अण्णा निघाले, तेवढ्यात मागून आक्का, “अरे, पाण्याची बाटली कुठंय?” अण्णा तिथूनच माईंना म्हणाले, “आलोच गं,” आणि बाटलीकडं वळले. ते परत आले तेव्हा त्या देवळात सेक्रेटरी ओल बघत होते.

मोठ्या देवळातल्या मूर्तीसमोर अण्णा एकदा एकटे सापडले, खुर्ची काखेत घेऊन. त्या शांत चेहऱ्याकडं बघता बघता त्यांच्या मनात आलं, घर सोडून निघताना या माणसानं जिन्यात कुणाला ‘चला की तुम्हीही’ म्हटलं नसणार. म्हटलं असतं, तर हा चेहरा असा राहिला नसता. आणि मग त्यांनी मनाशी पक्कं केलं, उद्या काही झालं तरी माईंच्या शेजारी बसायचं. आक्काला कळ येवो, सेक्रेटरींना ओल दिसो, आपण हलायचं नाही.

पहाटे सगळ्यांनी आवरून खाली जमायचं ठरलं होतं. माई सगळ्यांच्या आधी तयार होऊन लॉजच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी, केस नीट विंचरलेले. अण्णा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि बरं वाटलं त्यांना. पण बाकीची मंडळी! सेक्रेटरी गरम पाण्याशिवाय आंघोळ करत नाहीत आणि पाणी गरम होत नव्हतं. आक्कांचा चष्मा सापडेना, तो डोक्यावर निघाला. विहीणबाईंनी दोनदा साडी बदलली. मोटार सुटली तेव्हा आभाळ उजळायला लागलं होतं. माई वाटभर पुढच्या काचेतून पूर्वेकडं बघत होत्या.

देवळाशी पोचले तेव्हा आभाळाच्या कडेला नुसती सोनेरी रेघ आलेली. मोटारवाला त्यांना उतरवून, मोटारीला कुलूप लावून रस्त्याकडच्या टपरीवर चहाला निघून गेला. म्हातारा पहारेकरी काठी टेकून दारात बसला होता. त्यानं परवाना उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, “वहाणा खाली काढायच्या. पिशव्या, खुर्ची, काठी, काही वर न्यायचं नाही.”

“ठेवतो की इथं,” सेक्रेटरी म्हणाले.

“ठेवा. पण तुमच्यातल्या कुणाला तरी थांबवा. मी वर येतो माणसांबरोबर, खाली कुणी नसतं. इथली कुत्री एकेक वहाण उचलून नेतात. परवा एक बाई अनवाणी गेल्या बिचाऱ्या.”

सेक्रेटरींनी आपल्या नव्या बुटांकडं बघितलं. सेक्रेटरींच्या बायकोनं कॅमेऱ्याकडं बघितलं. विहीणबाईंनी आभाळाकडं बघितलं. आक्कांनी एक हात छातीपाशी नेला. वरती उजेड वाढत होता आणि जिना काळाकुट्ट, चिंचोळा, समोर उभा होता.

आणि अण्णांनी आपल्याच तोंडून ऐकलं, “जा तुम्ही. मी थांबतो.”

आता यावर काय व्हायला हवं, सांगा बरं? चारी तोंडांतून ‘छे छे!’ यायला हवं. ‘अहो, तुम्ही कसे थांबाल? ही सगळी खटपट तुमची! मी थांबतो, तुम्ही जा माईंबरोबर.’ मग अण्णांनी थोडं ‘नाही नाही’ करायचं आणि मग जायचं. अण्णा तयारीत उभे होते. एक चप्पल तर त्यांनी काढलीही होती.

“बरं झालं बाई,” आक्का म्हणाल्या आणि आपली पिशवी अण्णांच्या हातात दिली. “अण्णा आहे म्हटल्यावर बघायला नको.”

“माणूस असावा तर असा,” सेक्रेटरी म्हणाले आणि बूट काढून जिन्यात शिरलेसुद्धा. त्यांच्यामागं त्यांची बायको, मग विहीणबाई, मग आक्का, हृदय वगैरे सगळं घेऊन तुरुतुरु.

माई पहिल्या पायरीशी थांबल्या होत्या. भिंतीला हात लावून त्यांनी मागं वळून बघितलं. बोलायला आता उरलं तरी काय होतं, चारजण वर गेले होते आणि सूर्य कुणासाठी थांबणार नव्हता. अण्णांनी हातातल्या पिशव्या सावरत म्हटलं, “हो पुढं. आलोच मी.”

माई चढायला लागल्या. त्यांचा एक पाय वर जायचा, मग दुसरा त्याच्याशेजारी यायचा, मग श्वास. अण्णांना तो श्वास बराच वेळ ऐकू येत होता. मग ऐकू येईनासा झाला.

अण्णा चौथऱ्यावर बसले. पुढ्यात पाच जोड वहाणा, मांडीवर पिशव्या, शेजारी घडीची खुर्ची. तोंड होतं पश्चिमेला, त्यामुळं समोर नुसती एक बाभूळ आणि थोडं गवत. देऊळ पाठीशी. हळूहळू बाभळीच्या शेंड्यावर ऊन आलं, त्यावरून त्यांना कळलं की सूर्य उगवला. वरून सगळ्यांचा एकदम ‘अहाहा!’ असा आवाज आला. त्यात माईंचा आवाज आहे का, ते ऐकायला अण्णांनी कान टवकारले. पण सेक्रेटरींचाच मोठा होता. एक कुत्रं आलं, अण्णांकडं बघून लांब बसलं. अण्णांनी विचार केला, टाकावं हे सगळं आणि जावं वर. नेऊ देत कुत्र्यांना. ते उठलेही. मग त्यांना वाटलं, सेक्रेटरींचे बूट नवे आहेत, विहीणबाईंची चप्पल गेली तर लेकीला ऐकून घ्यावं लागेल. पुन्हा बसले. एवढ्यात सगळे उतरतीलच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

उतरले तेव्हा बाभूळ बुंध्यापर्यंत उन्हात न्हाली होती. चौघं बडबडत आली, वहाणा घालून चहाच्या टपरीकडं गेली. माई सगळ्यात शेवटी आल्या. उतरताना गुडघे वाकेनात म्हणून पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी खाली सरकत आल्या होत्या. साडी मागून विटकरी धुळीनं माखलेली. अण्णांनी धावत जाऊन हात दिला आणि चौथऱ्यावर बसवलं. मग त्यांच्या सँडलचा पट्टा लावायला स्वतः खाली बसले, कारण माईंना वाकता येत नाही.

“कसं होतं गं?” अण्णांनी पट्ट्याकडं बघत विचारलं.

“तुमच्यासाठी जागा ठेवली होती शेजारी,” माई म्हणाल्या. “आलोच म्हणालात ना. मी जिन्याकडं बघत होते. मग सेक्रेटरी येऊन बसले तिथं. ओल बघत होते.”

“पण देवळं? देवळं दिसली ना सगळी?”

“सूर्य वर आला तेव्हा मी जिन्याकडंच बघत होते.”

पट्ट्याचं बक्कल छिद्रात बसेना. अण्णांची बोटं नुसतीच फिरत राहिली. बूट, पिशव्या, सेक्रेटरी, सगळं त्या कुत्र्यापुढं टाकावं असं त्यांना वाटलं.

“परत येऊ आपण,” ते म्हणाले. “ऑपरेशन होऊ दे. डॉक्टर काहीही म्हणोत, मी चढवीन तुला. पाठीवर घेऊन चढवीन. दोघंच येऊ. कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही.”

माईंनी त्यांच्याकडं बघितलं. रागावून नाही, थकून. परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे खरंच म्हणताय, का नुसतं म्हणताय?”

अण्णांनी तोंड उघडलं. ‘अगदी मनापासून म्हणतोय,’ हे जिभेवर आलं होतं, आणि या वेळी ते खरंच तसं होतं. पण हेच शब्द, याच आवाजात, त्यांनी जिन्यात सेक्रेटरींना दिले होते. आक्काला, विहीणबाईंना, इस्त्रीवाल्याला, आल्यागेल्या सगळ्यांना ते वाटून झाले होते, आणि बायकोला द्यायला वेगळे असे त्यांच्याकडं काही शिल्लक नव्हते. ते तसेच उकिडवे बसून राहिले.

माईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग देवळाच्या भिंतीला हात लावून त्या उठल्या आणि पट्टा लोंबत असलेला पाय ओढत, एकट्याच मोटारीकडं निघाल्या.